डावखुऱ्या माणसाचं घर

माझे बाबा डावखुरे होते आणि त्यांच्या हाताला क्षणभर चैन नसायची. आता आमच्या घराची काय गत झाली असेल, तुम्हीच बघा! घरात जे जे म्हणून त्यांनी केलं, ते उलटं. कपाटांच्या मुठी डावीकडे, कड्याही डावीकडेच सरकायच्या.

कचेरीतून आले की शर्टच्या बाह्या वर. एका वर्षी घड्याळांचं खूळ, मग चपलांचं, मग साबणाचं. साबणाला फेस म्हणून यायचा नाही, विचारलं की म्हणायचे, "येईल हळूहळू." वह्या बांधायचं खूळ शिरलं तेव्हा माझ्या वहीला त्यांनी पुठ्ठा उलटा लावला. बाई म्हणाल्या, "अगं, तू शेवटून लिहितेस की काय?" वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी थयथयाट केला, तर बाबा वही फिरवून बघत म्हणाले, "बरोबरच तर आहे!"

आईनं मात्र कधी कुरकुर केली नाही. चाळीस वर्षांत तिचे हातच त्या घराचे झाले होते.

बाबा गेले. आईची आधीच अधू असलेली नजर आणखी अधू झाली, म्हणून मी तिला माझ्याकडे घेऊन आले. माझं घर तयार फर्निचरचं, चकचकीत. तिथेच माशी शिंकली. आई कपाट उघडायला जायची आणि बिजागऱ्या चाचपत बसायची. दोन बरण्या फुटल्यावर तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकणंच सोडलं. दिवसभर खुर्चीत अंग चोरून बसायची.

तीन महिन्यांनी एका सकाळी म्हणाली, "मला परत सोड."

"एकटी राहणार? पडलीस बिडलीस तर?"

"तिथे मला दिसतं गं."

मला असा राग आला म्हणता! तिचा, बाबांचा, माझ्या त्या गुळगुळीत कपाटांचा. रविवारी मी जुन्या घरून आणलेली बाबांची हत्यारांची पिशवी काढली आणि चहासाखरेच्या कपाटाचं दार उतरवलं.

"काय आदळआपट चाललीय?" आई बाहेरून.

"काही नाही!"

कसलं काही नाही! एक स्क्रू धड जाईना. लाकूड चिरलं, बोट सोललं. हे असलं काम बाबा हौसेनं करायचे? आणि स्क्रू दातात धरून मी ढसाढसा रडले. बाबा गेले त्या दिवशीही त्यांची इतकी आठवण आली नव्हती.

दुपारी दार एकदाचं बसलं. खाली घासत होतं, जुनी भोकं उघडीच होती. मी हाक मारली, "आई, चहाचा डबा देतेस जरा?"

भिंतीला हात लावत ती आली. हात आपसूक डावीकडे गेला. दार करकरत उघडलं. मग तिनं कडेची जुनी भोकं बोटानं एकेक चाचपली.

"कुणी केलं गं हे?"

"मीच."

"स्क्रू तिरके गेलेत." डबा काढून तिनं छातीशी धरला. "बस तू. मी टाकते चहा."

मी बसले. कपांसाठी तिनं शेजारच्या कपाटाला हात घातला, तो बिजागरीवर पडला.

"हेही करून टाक," आई म्हणाली.