चादरीआडची शुभदा

कानडी मुलखातल्या चिकपेटेत, साड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर मराठी मंडळाचा बालवर्ग भरे. पेठेतली आपली मुलं कन्नडात भांडत आणि समेटही कन्नडातच करत. त्यांना आपले सण, आपली संस्कृती कळावी म्हणून मंडळाने कृष्णाबाईंना नेमलं होतं. त्या आरत्या शिकवत, रांगोळ्या शिकवत, हलव्यावर काटा कसा आणायचा तेही दाखवत. विधवा होत्या, एवढं सोडलं तर संस्कृतीच्या दृष्टीने त्यांच्यात काही खोट नव्हती.

अठ्ठावन्न सालच्या संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू झालं. मुलांची गाणी कृष्णाबाईंनी बसवलेली, हलवा त्यांच्याच हातचा. बायका जमू लागल्या तसे अध्यक्ष हणमंतराव मोठ्या मायेने जवळ आले.

"अक्का, स्वल्प आत बसा. सवाष्णींचं आटपू दे."

आत म्हणजे भांड्यांच्या खोलीत. तिथे बसून कृष्णाबाईंनी गाणी ऐकली. मुलं जिथे चुकली, तिथली ओळ त्यांनी भिंतीला बरोबर म्हणून दाखवली.

पुढे वार्षिक समारंभ आला. आपल्या संस्कृतीचं दर्शन घडेल असं काहीतरी मुलांकडून करून घ्या, असं हणमंतरावांनी सांगितलं.

"सरी अण्णा," कृष्णाबाईंनी होकार दिला. "आहे तसंच बसवते." वर्ग हातचा जाणार हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

समारंभाला सारी पेठ लोटली. पडदा उघडला. पदर खोचलेल्या चिमुरड्या एकमेकींना हळदीकुंकू लावत होत्या, मनगटाला अत्तर चोळत होत्या, यंदा सुगडी महागली म्हणून उसासे टाकत होत्या. टाळ्या पडल्या. मग पांढरं पातळ गुंडाळलेली, मोकळ्या कपाळाची शुभदा हलव्याचं ताट घेऊन आली. हणमंतरावांची पाच वर्षांची नात. काजळाच्या मिशा काढलेला एक पोरगा पुढे झाला, मान हुबेहूब हणमंतरावांसारखी तिरकी करून म्हणाला, "अक्का, स्वल्प आत बसा."

शुभदा ताट ठेवून मागे टांगलेल्या चादरीआड गेली. हळदीकुंकू चालू राहिलं. तिला कोणी बोलावेना. हसणारे हसायचे थांबले. चादरीमागून हुंदका आला. तो तालमीत नव्हता.

"कृष्णाअक्का, मी बाहेर कधी येऊ?"

विंगेतून कृष्णाबाई शांतपणे म्हणाल्या, "मला नाही माहीत, बाळ. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. आजोबांना विचार."

"आजोबा, येऊ?"

हणमंतराव खुर्चीवरून उठले. "ये बाळ. ये बाहेर."

शुभदा धावत आली. कृष्णाबाई मात्र विंगेतच उभ्या.

"आणि मी, अण्णा?"

हणमंतरावांनी मागे पाहिलं. सगळी पेठ त्यांच्याकडेच बघत होती. पडद्याची दोरी कृष्णाबाईंच्या हातात होती, आणि पडदा पाडायची त्यांना कसलीही घाई नव्हती.