दुखवट्यातला शेवगा

माझी बायको पुरिंग गेली, हे मला पंक्चरच्या दुकानात कळलं. मी ट्यूब पाण्यात धरून भोक शोधत होतो. शेजारचा दोरो धापा टाकत आला. "तेबानदादा, वहिनी बाजारात पडल्या. दवाखान्यापर्यंत पोचल्याच नाहीत."

मी भोक शोधलं, ठिगळ लावलं, कारण गिऱ्हाईक उभं होतं. मग हात धुतले.

ती नेहमी बाजार उठायच्या वेळी जायची. डागाळलेली वांगी, वाकडी कारली, मासळीवालीकडे उरलेली डोकी. "हे तू उद्या फेकणारच ना? मग आज माझ्या पिशवीत फेक," असं म्हणून हसवून घ्यायची. माझ्या कमाईत आमच्या ताटात हिरवं दिसायचं, ते तिच्या बोलण्यामुळे. शेवग्याचा पाला तेवढा फुकट, आमच्या शेजारणीच्या, आलिंग बेबांगच्या कुंपणावरचा. मुलगी मायलीन बाळंत झाल्यापासून पुरिंग तो आलं घालून शिजवायची आणि तिला वाडगा भरून पाजायची. दूध भरपूर यायचं. डब्यातली पावडर आम्हाला परवडत नाही. जावई मनिलात बांधकामावर असतो, पैसे येतात तेव्हा येतात.

दफन झालं. भेटायला आलेल्यांनी नूडल्सची पाकिटं, गोड बिस्किटं आणि कॉफी आणली होती. आम्ही तेच खात राहिलो. बाळ रडायचं थांबेना. आरोग्य केंद्रातल्या नर्सने मायलीनची पापणी खाली ओढून पाहिली.

"नूडल्स बंद. मासे, मूग, पालेभाज्या खा. अंगात रक्त नाही, दूध येणार कुठून?"

"बाई, हे सगळं पंक्चरच्या पैशात बसवून दाखवा."

ती हसली. "मग शेवगा खा. तो तर दारात असेल."

दारात होताच. पण घरात मयत झालं की आमच्याकडे शेवगा खात नाहीत. पाला एकेक करून गळतो, तशी घरातली माणसं एकामागून एक जातात म्हणे. माझी सासू, नानाय सिमा, तर वर्षाचा दुखवटा उतरेपर्यंत पाळते. सासरे गेले तेव्हा मायलीनला दिवस गेले होते, म्हणून पुरिंगने ते मानलं नव्हतं.

मी आलिंग बेबांगकडे गेलो. "मूठभर पाला द्या."

"तेबान, एरवी अख्खी फांदी ने. पण आत्ता नको. उद्या तुझ्या घरी काही झालं, तर गल्ली माझ्या झाडाला नावं ठेवेल."

शेवटी मी बाजार उठताना गेलो. भाजीवाली म्हणाली, "शेवगा विकत? तुमच्या गल्लीतली झाडं काय संपावर गेली?" पुरिंगने तिला काहीतरी उत्तर दिलं असतं. मी पैसे दिले आणि आलो.

घरी आलं ठेचलं, पाला ओरबाडला, शिजवला. वास येताच नानाय काठी टेकत आत आली.

"तुझा सासरा गेला तेव्हा तिनेही हेच शिजवलं. मी ओरडत होते. ऐकलं तिने? आता कोणाला पाठवतोस?"

"नानाय, ती शुगरने गेली. डॉक्टरच म्हणाले."

"शुगर काय, गल्लीभर आहे. सगळे मेले का?"

मी वाडगा भरला आणि मायलीनपुढे ठेवला. बाळ छातीला लावलेलं होतं. ओढायचं, सोडायचं, परत रडायचं. तिने वाडग्याला हात लावला नाही.

"तातय, माझं काही होऊ दे. पण याला काही झालं तर?"

"काही होत नाही पोरी. पाला आहे तो."

"तुमचा नाही ना विश्वास? मग आधी तुम्ही प्या."

मी चमचा बुडवला. तोंडाजवळ नेला. तेवढ्यात बाळाने माझ्याकडे मान वळवली. मला खरंच असल्या गोष्टी पटत नाहीत. तरी चमचा पुढे जाईना. मायलीन बघत होती. दारात नानाय काठी टेकून उभी होती. मी चमचा परत वाडग्यात सोडला.

वाडगा आमच्या दोघांच्या मध्ये आहे. रस्सा गार झालाय. अजून कोणीही प्यायलेलं नाही.