बटाट्यांची खोली

रग्नाने प्लॅस्टिकच्या तावाची वरची कड डाव्या हाताने वाशावर दाबून धरली आणि उजव्या हाताने स्टेपलर चालवला. वीतभर अंतराने पिना बसत गेल्या. तावामागे, दोन-दोन वाशांच्या मध्ये, थंडी अडवणारं गुलाबी ग्लासवूल, काचेचा कापूस, ठासून भरलेलं होतं. शेडच्या तीन भिंती झाल्या होत्या. दाराची भिंत आणि छत उरलं होतं, आणि आज मंगळवार उजाडला होता.

दारात तिचा नवरा स्टेफान उभा होता. कधीपासून, ते तिला कळलं नाही.

"प्लॅस्टिक कशाला?"

"ओल धरू नये म्हणून."

"बटाट्यांना?"

"बटाटेही श्वास घेतात."

"घेतात," स्टेफान म्हणाला. "पण इतका नाही घेत."

तो आत आला. एक पिन अर्धवट बसली होती, ती त्याने अंगठ्याने चाचपली, खिशातली हातोडी काढून ठोकली आणि पुढची पाहिली. सरोवराच्या ह्या किनाऱ्यावरची निम्मी घरं त्याच्या हातची होती. वाकडा खिळा दिसला तर दुसऱ्याच्या घरीही तो गप्प बसत नसे.

वसंतात तळघरात पाणी शिरलं होतं. तेव्हा ह्या वर्षीचे बटाटे मागच्या शेडमध्ये ठेवू, शेड जरा उबदार करून घेऊ, असं रग्नाने महिन्यापूर्वी सुचवलं आणि त्याने मान हलवली. शेडमध्ये गवत कापायचं यंत्र, फाटकी जाळी आणि डॅनीची सायकल होती. बाकीचं सामान तिने हलवलं. सायकल त्याने स्वतः उचलून नेली आणि गॅरेजमध्ये उंचावर टांगली.

शेड बटाट्यांसाठी नव्हती. रग्नाचा धाकटा भाऊ ओली शुक्रवारी सेलकर्कच्या इस्पितळातून सुटणार होता. मागचा हिवाळा त्याने एका मित्राच्या आवारात, चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत काढला होता. तिथल्या थंडीने डाव्या पायाची दोन बोटं गेली. ह्या वेळी नोव्हेंबर लागायच्या आत न्यूमोनिया झाला. दुसरा हिवाळा त्या खोलीत निघणार नाही, असं इस्पितळातल्या बाईंनी फोनवर सांगितलं आणि विचारलं, की ह्याला नेणार कोण? रग्ना बोलून गेली, "माझ्याकडे जागा आहे."

घरात जागा होती, पण ती ओलीसाठी नव्हती. सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये सरोवराच्या बर्फावरून जाळी घेऊन येताना ट्रक ओली चालवत होता आणि शेजारी डॅनी बसला होता. तडा कुठे होता ते कोणालाच दिसलं नाही. ओली खिडकीतून निघाला. डॅनी निघाला नाही. तो रग्ना आणि स्टेफानचा एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. त्या दिवसाबद्दल स्टेफान आजवर दोनच वाक्यं बोलला होता. एक, "ट्रकचं दार बाहेर उघडतं, आणि पाणी ते उघडू देत नाही." दुसरं चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, "हा माझ्या छताखाली पुन्हा येणार नाही."

शेडचं छतही स्टेफाननेच घातलेलं होतं. रग्नाने त्याचा विचार करायचं टाळलं होतं.

"ही खिडकी," स्टेफान म्हणाला.

शेडला एकच खिडकी होती, घराकडे तोंड केलेली. स्वयंपाकघरात भांडी घासताना ती समोर दिसायची. तिथे दिवा दिसला की ओली उठला असं समजायचं, हे रग्नाने मनात ठरवून ठेवलं होतं.

"तिचं काय?"

"बुजवायला हवी. उजेडात बटाटे हिरवे पडतात."

"एवढ्याशा उजेडाने?"

"एवढ्याशानेच पडतात. तुझी आईच सांगायची."

त्याने टेप लावला, दोनदा मोजलं, गॅरेजमधून प्लायवूड कापून आणलं. खिडकीच्या खाचेत ग्लासवूल भरलं आणि वर फळी बसवली. खिळे रग्नाने एकेक करून त्याच्या हातात दिले. बाहेर बर्फाला सुरुवात झाली होती.

बुधवारी दुपारी लाकडाच्या वखारीचा ट्रक अंगणात शिरला. रग्नाने वॉल्टरला गुरुवारी तीननंतर यायला सांगितलं होतं. तेव्हा स्टेफान गावात असतो. वॉल्टरला एक दिवस आधी फुरसत मिळाली होती.

"घे बाई, तुझा माल," असं म्हणत त्याने एकेक खोकं उतरवलं. "धुराड्याचा पाइप. छताला लावायची चकती. आणि हा गजर. शेगडीचा विषारी वायू कोंडला तर बोंबलतो." मग त्याला लाकडाच्या ढिगाशी उभा असलेला स्टेफान दिसला. "काय रे स्टेफान, शेगडीही लावताय म्हणे. ह्या वर्षीचे बटाटे भाजूनच साठवणार की काय?"

तो एकटाच हसला आणि अर्ध्यावर थांबला.

"कुठे ठेवू हे?"

"तिथेच. पायरीवर," स्टेफान म्हणाला.

"कॉफी घेतोस?" रग्नाने विचारलं.

"नको, नको. अजून दोन ठिकाणी जायचंय."

ह्या घरची कॉफी वॉल्टरने कधी नाकारली नव्हती.

ट्रक गेल्यावर स्टेफानने गजराचं खोकं उचललं, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही बाजूंचा मजकूर वाचला. वाचून झाल्यावर ते जसं होतं तसं पायरीवर ठेवलं.

"केव्हा?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी."

तो गॅरेजकडे गेला. जेवताना त्याने मासा खाल्ला, ब्राउन ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले, ताटली धुऊन जागेवर ठेवली. तो काय काय म्हणेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, हे रग्नाने महिनाभर जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तो बोलला नाही.

गुरुवारी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिची दोन वाजेपर्यंत पाळी होती. तिने चाळीस माणसांची गाजरं सोलली. तो नाही म्हणाला तर उद्या इस्पितळाच्या दारातून ओलीला गाडीत बसवायचं आणि गाडी कुठे वळवायची, ह्याचं उत्तर तिला गाजरं संपेपर्यंत सापडलं नाही.

घराच्या वळणावरूनच तिला शेड दिसली. शेडला दार नव्हतं. दाराच्या जागी काळा चौकोन होता आणि त्यातून बर्फ आत उडत होता. दार बाहेर सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं होतं. स्टेफान त्याच्यावर वाकला होता आणि शेजारच्या डब्यात बिजागऱ्या पडल्या होत्या.

रग्नाने गाडीचं दारही लावलं नाही.

"सांगायचं तरी होतंस," ती म्हणाली. "नाही म्हणायचं होतंस. तोंडाने."

"त्या टोकाला धर."

"मी नाही धरणार."

"जड आहे, रग्ना. माझी पाठ धरलीय."

ती उभी राहिली. तो वाट पाहत राहिला. शेवटी तिने टोक धरलं आणि दोघांनी दार उचलून चौकटीपाशी नेलं. तिथे तिला दिसलं, की बिजागऱ्यांच्या जुन्या खाचा लाकडाच्या ढलप्यांनी भरून घासून टाकल्या होत्या. नव्या खाचा चौकटीच्या आतल्या कडेला होत्या, पटाशीने नीट तासलेल्या. दार जिथे टेकतं ती पट्टी आतून काढून बाहेरच्या अंगाला मारली होती. बाहेरची कडी गेली होती. तिच्या चार भोकांत पुट्टी भरलेली होती. मागच्या कोपऱ्यात, दारापासून लांब, गॅरेजमधली जुनी शेगडी बसली होती आणि पाइप छतातून वर गेला होता.

तिने दार तोलून धरलं. त्याने स्क्रू पिळले. मग त्याने दार ढकललं आणि आजवर बाहेर उघडणारं ते दार आत गेलं.

"आत हो," तो म्हणाला.

"कशाला?"

"हो आत."

ती आत गेली आणि त्याने दार ओढून घेतलं. खिडकी बुजवलेली असल्याने आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला. मग बाहेर फावड्याचा आवाज आला. काहीतरी धप्पकन दारावर पडलं. पुन्हा एक. आणखी एक. आवाज खालून वर चढत गेला आणि दबत गेला.

"स्टेफान?"

फावडं चालूच राहिलं. रग्नाने हात पुढे केला. फळ्या गार पडल्या होत्या आणि प्रत्येक धपक्याबरोबर बारीक हादरत होत्या. तिने श्वास रोखून धरला होता. तो सोडला तेव्हा प्लॅस्टिकच्या भिंतींत तिला तो ऐकू आला.

मग सगळं थांबलं.

"उघड," स्टेफानचा आवाज लांबून यावा तसा आला.

तिने चाचपडत आतली नवी कडी शोधली आणि दार आपल्याकडे ओढलं. ते सहज आलं. समोर कमरेइतकी बर्फाची भिंत उभी होती, आणि तिच्यावर दाराच्या फळ्यांचे उभे ठसे उमटले होते. भिंतीपलीकडे स्टेफान फावड्यावर रेलून धापा टाकत होता. त्याच्या भुवयांत बर्फ अडकला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता, उंबऱ्याकडे पाहत होता.

"खाली घासतंय," तो म्हणाला. "संध्याकाळी रंधा मारतो."

रग्नाने बुजवलेल्या खिडकीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"ती बंदच राहणार," तो म्हणाला.

"बरं."

त्याने फावडं उलटं केलं आणि दांडा भिंतीवरून तिच्याकडे पुढे केला.

"हे आतच ठेव. कोपऱ्यात, दाराजवळ. बाहेर ठेवून काय उपयोग."