मुंगीची सावली

“बाई, हिची सावली हिच्याहून लांब झालीय!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा वर्ग खिदळला.

विज्ञानाच्या बाईंनी भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर पट्टी टेकवली आणि एकाच आकड्याखाली ती दोनदा आपटली. पडद्यावर वर्गाचा ब्लॉग उघडा होता. रोज एकाने नोंद लिहायची, अशी पाळी लावलेली. या खेपेला पाळी होती खिडकीशी बसणाऱ्या मुलीची. ती वर्षाच्या मध्यावर शाळेत आली, म्हणून पोरांनी तिचं नाव ‘नवी’ पाडलं होतं, आणि ती जुनी झाली तरी ते काही सुटलं नव्हतं. ब्लॉगवर मात्र ती ‘मुंगी’. खरं नाव, शाळेचं नाव, गावाचं नाव ब्लॉगवर कुणी लिहायचं नाही, हा बाईंचाच दंडक. एवढं पाळलं की मग खुशाल सगळ्या जगाने वाचावं.

“काल मीटरभर काठी आपण सगळ्यांनी मिळून मैदानात रोवली. भर दुपारी सगळ्यांनी एकच सावली मोजली. मग तुझीच वीतभर जास्त कशी? आणि वेळही भलतीच!”

“चुकलं असेल, बाई.”

“तुझं? अगं, तू डोळ्यांत तेल घालून मोजणारी पोर. पुन्हा बघ आणि नीट लिही.”

“नको, बाई. मार्क कापा.”

आपणहून मार्क कापायला सांगणारं पोर बाईंनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मुंगीच्या नोंदींवर त्यांचा जीव होता. तिला बाहेरचा एक वाचकसुद्धा मिळाला होता. ‘जुना वाचक’ या नावाने तो खाली लिहायचा, आणि प्रश्न असे नेमके की बाई ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवत. पुलाखालून नदी कुठल्या दिशेला वाहते? शाळेसमोरच्या पाण्याच्या टाकीमागे ऊन केव्हा जातं? मुंगी उत्तरं द्यायची, निदान सुरुवातीला तरी. आजच्या नोंदीखालीही तो येऊन गेला होता. ‘मुंगी, हे आकडे तपास. मोजमाप खोटं बोलत नाही.’

परक्या माणसासमोर वर्गाची शोभा नको, म्हणून बाई स्वतःच संगणकाशी बसल्या. नोंदीखाली त्यांनी सावलीची खरी लांबी लिहिली, ती सगळ्यांत आखूड झाली ती वेळ लिहिली, आणि बटण दाबलं.

खिडकीशी पाण्याची बाटली घरंगळत खाली पडली. ती कुणी उचललीच नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. वर्ग भसाभसा बाहेर सांडला. मुलगी मात्र बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“ते काढा ना, बाई.”

“काय काढू?”

“तुम्ही लिहिलंत ते.”

“वेडी का काय! चूक दुरुस्त झाली म्हणून कुणी रडतं होय?”

पण ती रडत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

“ते बाबा आहेत,” ती म्हणाली.

“कोण?”

“जुना वाचक. घरी मला मुंगी म्हणायचे. तुम्ही टोपणनाव विचारलंत तेव्हा तोंडातून तेच गेलं. मग मी बदलून मागितलं होतं.”

मागितलं होतं खरं. ‘आता वाचक तुला याच नावाने ओळखतात गं,’ असं म्हणून बाईंनीच ते हसण्यावारी नेलं होतं.

“म्हणजे तुम्ही इथे आहात, हे त्यांना…”

“नाही माहीत. आई आणि मी एका पिशवीनिशी निघालो होतो.” मुलीने बाही मनगटाखाली ओढून घेतली. “ते जमीन मोजतात. मोजमाप खोटं बोलत नाही, हे त्यांचंच आहे. आईपुढे उभं राहून म्हणायचे. हातात पट्टी असायची.”

बाईंनी आपल्या हातातली पट्टी हळूच टेबलावर ठेवली.

गेल्याच आठवड्यात याच खोलीत पृथ्वीगोल फिरवून त्यांनी सांगितलं होतं, काठीची सावली आणि घड्याळ, एवढ्यावर माणूस पृथ्वीच्या पाठीवर कुठे उभा आहे ते काढता येतं. पोरं आ वासून ऐकत होती. जमीन मोजणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. नदी, पूल, टाकी हे सगळं त्याच्याजवळ आधीच जमा होतं. हे गाव नकाशावर शोधायचं कुठे, तेवढंच त्याला हवं होतं. पोरीने ते जिवापाड लपवलं होतं.

देवा, देवा, म्हणत त्यांनी आपली टिप्पणी पुसली.

“गेलं बघ. गेलं, बाळा.”

पान पुन्हा उघडलं. त्यांची टिप्पणी खरोखरच गेली होती. तिच्या जागी दुसरीच होती.

‘धन्यवाद, बाई.’

अर्ध्या अंशाची चूकही खपवून न घेणाऱ्या बाईंनी मग आयुष्यात पहिल्यांदा खोटं मोजमाप लिहिलं. ‘चूक माझीच झाली. मुंगीचे आकडे बरोबर आहेत.’ बटण दाबलं. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. बाहेर मैदानात पोरांचा कल्ला चालला होता, आणि बाईंना त्यातला प्रत्येक मोठा आवाज दचकवत होता.

उत्तर यायला वेळ लागला नाही.

‘असू द्या, बाई. आता जुळलं.’

बाईंनी मुलीच्या आईला फोन लावला. काय झालं ते सांगताना त्यांची जीभ दोनदा अडखळली. पलीकडे ना रडणं, ना ओरडणं. बाईंना बोलणीच खायची होती, पण तीही मिळाली नाहीत.

“किती वेळ झाला?” एवढंच आईने विचारलं. आणि मग, “तिला बाहेर सोडू नका. मी येते.”

बाईंनी उठून दाराला कडी लावली. वळून बघतात तो मुलीने दप्तर भरायला घेतलं होतं. जड पुस्तकं तिने बाकातच राहू दिली. कंपास, स्वेटर, डबा, जमिनीवरची बाटली. एकाही वस्तूपाशी तिचा हात अडला नाही.

चेन ओढून झाल्यावर तिने वर बघितलं.

“बाई, शाळा सोडल्याचा दाखला आजच्या आज मिळतो का?”