चंदाबाईंनी न वाचलेली पानं

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. बोलतोय म्हणजे नेमकं काय करतोय, ते मात्र मला आजही धड सांगता येणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी माझ्यात भरलेलंच मी बोललो. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगायला बसलोय, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी काळा, एका कॅसेटचा, वर धरायला दांडी असलेला. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला अमृतलाल शेठनी मला पुण्याहून मंचरला आणलं. शेठची कांदा-बटाट्याची आडत होती. त्या घरात पाऊल टाकलं आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला. सगळं घर कांद्या-बटाट्यावर चालायचं, दारापर्यंत कांद्याचा वास यायचा, आणि स्वयंपाकघरात कांदा औषधालाही सापडायचा नाही. जैनांचं घर, जमिनीखालचं खायचं नाही, हे पुढं कळलं. पण जे खायचं नाही ते विकायचं कसं, हे कोडं काही मला सुटलं नाही. त्या घरात ते कोणाला कोडं वाटतही नव्हतं.

शेठच्या पत्नी चंदाबाई माझ्या खऱ्या मालकीण. सकाळी त्या माझ्यावर स्तवनं लावायच्या, मग पुसून माझ्या अंगावर क्रोशाचं झाकण घालायच्या. मॅट्रिकला चांगले मार्क पडूनही त्यांना पुढं शिकवलं नव्हतं, लग्न लावून दिलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. दुपारी घरात कोणी नसलं की मुलींची पुस्तकं चाळत बसायच्या, एवढंच.

सत्त्याण्णव साली त्यांची मोठी मुलगी राखी जवळच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या वर्गात ज्ञानेश्वर नावाचा मुलगा होता, डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरातला. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. शाळा त्यानं पुण्यात ब्रेलमधून केली, पण कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये कुठं मिळेनात. त्या कॉलेजात असा विद्यार्थी यापूर्वी कधी आलाच नव्हता. माणसं वाईट नव्हती हो, त्यांना काय करावं तेच कळत नव्हतं. सोय म्हणून त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, फळा जवळ पडावा म्हणून. परीक्षेला लेखनिक मिळतो, वेळ वाढवून मिळतो, हे ऑफिसला त्यानंच सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले, असं काही असतं का ते विचारून सांगतो. आणि पुस्तकांचं काय, तर कोणाकडून तरी वाचून घे. कोणाकडून, ते कोणीच सांगितलं नाही.

त्याचा पहिल्या वर्षाचा भूगोल राहिला होता. तो या वेळी सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. त्याचे वडील गेणभाऊ यांनी सांगून ठेवलं होतं की नाही सुटला तर घरी यायचं, आता पुरे. त्याला मास्तर व्हायचं होतं. राखीनं हे सगळं एकदा जेवताना सांगितलं. चंदाबाई पोळी लाटता लाटता थांबल्या आणि म्हणाल्या, "मी वाचते की."

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी माझं लाल बटण पहिल्यांदा दाबलं. डोक्यावरचा पदर नीट केला, घसा खाकरला आणि राखीचं भूगोलाचं जुनं पुस्तक उघडलं. काय वाचायच्या! जमिनीचे प्रकार, पर्जन्यछायेचा प्रदेश, नद्यांची खोरी, सगळं गोष्ट सांगावी तसं. कांद्याच्या पिकाचं पान तर घरचीच बातमी असल्यासारखं वाचलं. बाहेरून हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न यायचे, तेही मी भरून घ्यायचो. मला निवडता येत नाही.

मधेच कधी तरी त्या बटण दाबून मला थांबवायच्या. पुटपुटायच्या, "हे नको बाई." काही पानं उलटायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. मला वाटायचं, दमल्या असतील. बंद असलो तरी मी ऐकतो, पण ऐकून उमजतं असं नाही.

मग मी कॅसेटींसकट ज्ञानेश्वरच्या खोलीवर राहायला गेलो. पोरानं मला अक्षरशः पिंजून काढलं. ऐकायचा, मागं न्यायचा, पुन्हा ऐकायचा. चंदाबाई जिथं खोकल्या होत्या तिथं हाही उत्तर म्हणताना थांबायला लागला. दिवाळीत त्यानं मला गावी नेलं. तिथं विजेचा भरवसा नव्हता, म्हणून त्याची आई सखूबाई माझे सेल उन्हात तापवून परत घालायची. पहिल्यांदा चंदाबाईंचा आवाज ऐकला तेव्हा ती चुलीपासून उठून जवळ येऊन बसली. बराच वेळ ऐकून लेकाला म्हणाली, "लई येळ बोलत्यात रं. त्यांच्या घरचं काम कोण करतं?" ज्ञानेश्वर हसला. मला मात्र तो प्रश्न बरोबर वाटला.

वार्षिक परीक्षेच्या आधी कॉलेजनं सराव परीक्षा घेतली. ज्ञानेश्वरची तोंडी घेतली, कारण लेखनिकाचं अजून ठरत नव्हतं. सरांनी विचारलं, कोकणातली मासेमारी सांग. ज्ञानेश्वर म्हणाला, सर, हे अभ्यासाला नाही. सर म्हणाले, आहे. हा म्हणाला, पुस्तकात नाही, माझं पुस्तक पाठ आहे. सरांना वाटलं, पोरगं आपल्यालाच खोटं पाडतंय. त्यांनी वर्गासमोर पुस्तक उघडून ते प्रकरण दाखवलं. कोणाला दाखवलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. वर्ग हसला.

त्या संध्याकाळी त्यानं आळ घेतला तो माझ्यावर. मी टेप खाल्ली म्हणे. खातात काही जण, मी नाकारत नाही. त्यानं बाजारातल्या जानकू मेकॅनिककडे नेऊन मला उघडलं. जानकूनं माझं डोकं स्पिरिटनं पुसलं, रबरी पट्टा बघितला, सगळ्या कॅसेटी फिरवून पाहिल्या आणि सांगितलं, याला काय झालेलं न्हाई. माझ्यात पडलं ते सगळं मी सांगितलं होतं. तरी एक अख्खं प्रकरण नाहीसं झालं होतं. मीही घाबरलो, कारण ते गेलं कुठं हे मलाही ठाऊक नव्हतं.

राखीनं पुस्तक आणि कॅसेट समोरासमोर ठेवून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. मासेमारीचं प्रकरण नव्हतं. कुक्कुटपालन नव्हतं. मटणासाठी शेळ्या पाळण्याचं पान नव्हतं. तिनं आईला विचारलं. चंदाबाई गोंधळून गेल्या. जिवांना मारायच्या गोष्टी, त्या माझ्या तोंडून कशा निघतील, म्हणाल्या. आणि परीक्षेला असलं कोण विचारणार, असं वाटलं. "चांगलं चांगलं सगळं वाचलं की मी," त्या म्हणाल्या.

ज्ञानेश्वर मला घेऊन शेठच्या घरी आला. मला वाटलं, आता भांडण होणार. चंदाबाईंनी त्याच्यासमोर पाणी ठेवलं, मग ध्यानात येऊन पेला त्याच्या हातात दिला. त्यानं पेला तसाच धरून ठेवला.

"काकू, तुमी न्हाई वाचलं, त्याचं काय न्हाई," तो म्हणाला. "तुमचा धर्म हाय. पन हितं सोडलंय, येवढं तरी बोलायचं व्हतं. पान उलटल्यालं मला दिसत न्हाई."

चंदाबाई रडल्या. मला राग कोणाचा यावा तेच कळेना. महिनोन्‌महिने घसा बसेपर्यंत ज्यांनी वाचलं त्यांचा? की ज्याचं वर्ष पणाला लागलं त्याचा? मी माणूस असतो तर बहुतेक दोघांची समजूत काढायला गेलो असतो आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंदाबाई पुन्हा माझ्यासमोर बसल्या. शेवटच्या कॅसेटला थोडी जागा उरली होती. प्रकरणाचं नुसतं नाव घेतलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं, आणि खोलीत तेव्हा मीच होतो. मग त्यांनी बटण दाबलं आणि अगदी हळू आवाजात एकेक सांगितलं: इथं मी मासेमारी वाचलेली नाही, इथं कोंबड्यांचं वाचलेलं नाही, हे दुसऱ्याकडून वाचून घे. ती पानं राखीनं त्याला कॉलेजच्या व्हरांड्यात वाचून दाखवली. ती सांगत होती, माशांच्या जातींपाशी तोच तिला थांबवून दुरुस्त्या सुचवायचा. धरणात गेणभाऊ जाळं टाकायचे, आणि मासे त्याला लहानपणापासून हातानं ओळखता यायचे.

लेखनिकाची परवानगी कशीबशी आली, पण लेखनिक मिळेना. तो खालच्या वर्गातला हवा होता, आणि त्या दिवसांत ज्याची त्याची परीक्षा. शेवटी चंदाबाईंनी धाकटीला, अकरावीतल्या सिद्धीला पाठवायचं ठरवलं. शेठ म्हणाले, अगं, त्यात तेच सगळं असेल. चंदाबाईंनी सिद्धीच्या पेनात शाई भरून ठेवली.

पेपरच्या सकाळी ज्ञानेश्वर शेवटची उजळणी करत शेठच्या घरच्या ओट्यावर बसला होता, मी त्याच्या मांडीवर. चंदाबाई दारात आल्या आणि सिद्धीला म्हणाल्या, "तो सांगेल ते सगळं लिहायचं. तुला आवडलं नाही म्हणून एक शब्द गाळायचा नाही."

मला ओट्यावरच ठेवून दोघं गेली. दिवसभर चंदाबाई आत-बाहेर करत होत्या. दोनदा त्यांनी माझं झाकण काढलं नि परत घातलं. ऊन कलल्यावर सिद्धी एकटीच परत आली, बोटांना शाई लागलेली. प्रश्न आलाच होता.

"लिहिलंस?" चंदाबाईंनी विचारलं.

"सगळं. जाळी, होड्या, बोंबील वाळवतात तेसुद्धा."

चंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मनात काय चाललं होतं, कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, "अक्षर नीट काढलंस ना?"

भूगोल सुटला. ज्ञानेश्वर मास्तर झाला, आता त्याच्याकडे बोलणारा कॉम्प्युटर आहे. मी त्याच्या घरी फळीवर असतो. माझा पट्टा सैल झालाय, आवाज ओढल्यासारखा येतो. चंदाबाई चुकल्या का, एवढं ठरवायला इतकी वर्षं घेतली, तरी मला ठरवता आलेलं नाही. मात्र उद्या तुमच्याकडे कोणी पुस्तक घेऊन आलं तर नाही म्हणू नका. बसा, वाचा. जिथं तुमच्यानं वाचवणार नाही तिथं थांबा, आणि थांबलोय असं मोठ्यानं सांगा.