वायफायच्या डब्यातला जिन्न

तुर्सुनॉयच्या फाटकाशी त्या सकाळी बायकांच्या चपलांचा एवढा ढीग पडला होता, की भट्टीसाठी माती घेऊन निघालेल्या एका कुंभाराने गाडी थांबवून विचारलं, कोण गेलं? कोणी गेलं नव्हतं. गेला होता तो पासवर्ड, आणि तो परत आणायला होसियत बीबी आली होती.

उझबेकिस्तानातल्या रिश्तानमध्ये बीबीला ओळखत नाही असं घर नव्हतं. हरवलेली गाय, रुसलेला नवरा, शाळेत जीव न रमणारा मुलगा, सगळं तिला राजम्याच्या एक्केचाळीस दाण्यांत दिसायचं. गेल्या वर्षापासून मात्र तिच्याकडे एक नवंच दुखणं यायला लागलं होतं. घरोघरची मुलं रशियात कामाला गेलेली. जाताना ती वायफाय लावून गेली, आपल्या मनाने पासवर्ड ठेवून गेली आणि तिकडे वर्षं काढता काढता विसरली. कंपनीच्या माणसाला निरोप धाडला तर तो पंधरा दिवसांनी उगवायचा. बीबी त्याच दिवशी यायची, दाणे मांडायची आणि पासवर्ड घेऊनच उठायची. अशी अकरा घरं झाली होती. तुर्सुनॉयचं बारावं.

मांडवाखालच्या रुंद बाजेवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, चहाची किटली हातात धरून मुनोजात उभी होती. ती या घरची केलिन, नवी सून. लग्नाला पस्तीस दिवस झालेले. लग्नानंतरचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. या दिवसांत नव्या सुनेने एकटीने बाहेर जायचं नाही, मोठ्यांसमोर मान वर करायची नाही, चारचौघींत तोंड उघडायचं नाही. उजाडायच्या आत उठून अंगण झाडायचं, घरातली वस्तू न् वस्तू पुसायची आणि आलेल्या प्रत्येकीला वाकून सलाम करून चहा द्यायचा. मुनोजात हे सगळं नीट करत होती. खोट एकाच गोष्टीची होती. तिचा नवरा बुन्योद लग्नानंतर बाराव्या दिवशी कझानला कामावर गेला, आणि तेव्हापासून तो तिला फक्त रविवारी दिसायचा, सासूच्या मोबाईलमध्ये, तेही सासूच्या खांद्यावरून, चहा ओतता ओतता.

तोच मोबाईल गेल्या आठवड्यात शोरब्याच्या उकळत्या पातेल्यात पडला. नवा आणला, तर तो पासवर्ड मागू लागला. बुन्योदला साधा फोन लावून विचारलं. तो म्हणाला, चार वर्षांपूर्वी काहीतरी टाकलं होतं, आता आठवत नाही. त्याने सांगितलेली सात-आठ नावं घालून झाली, अगदी त्याच्या जुन्या सायकलचंही. एकही लागलं नाही. मोबाईलच्या नेटचं म्हणाल तर त्या गल्लीत ते विहिरीत पडल्यासारखं होतं.

पहिल्याच दिवशी मुनोजातने हळूच सासूला सांगून पाहिलं होतं, की ओयी, वायफायच्या डब्याच्या खाली काहीतरी लिहिलेलं आहे. तुर्सुनॉय म्हणाली होती की घरातल्या वस्तू उलट्या करून बघणं अशुभ असतं, आणि सुनांनी चिल्ल्यात यंत्रांच्या भानगडीत पडू नये. विषय तिथेच मिटला.

आता बीबीने दाणे मांडले. तीन ओळींत नऊ ढिगुल्या. मग डोळे मिटून तिने वरच्या ओळीत कोण बसलंय, खालच्या ओळीत कोण उभं आहे, हे सांगायला सुरुवात केली. चौथ्या घरात तीन दाणे पडले होते. म्हणजे तारेवरून आलेला पाहुणा. पाहुणा म्हणजे जिन्न, हे बायकांना सांगावं लागलं नाही. तो डब्यात शिरून पासवर्डावर बसला होता.

शेजारची सबोहत ओपा, म्हणजे सबोहतताई, दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. सुया टोचून टोचून तिचा स्वभावही जरा टोचरा झाला होता. तिने विचारलं, "जिन्नाला वायफाय कशाला हवं?"

"पूर्वीचे जिन्न अरबीत बोलायचे," बीबी शांतपणे म्हणाली. "आताचे शिकलेत. लॅटिन अक्षरांत बोलतात, मध्ये मध्ये आकडे घालतात."

बायकांनी माना डोलावल्या. पासवर्ड कुणाला धड वाचता येत नाही तो का, हे त्यांना आत्ता कळलं.

बीबीने डबा मागवला. मुनोजातनेच तो कपाटावरून काढून दिला. त्यावर तुर्सुनॉयने स्वतः भरतकाम करून शिवलेली टोपी होती, किटलीवर घालतात तशी, आणि टोपीला निळ्या दृष्टमण्याची टाचणी. बीबीच्या अटी साध्या होत्या. डबा विजेवर चालू हवा, कारण जिन्न जिवंत डब्यातूनच निघतो. जागा आडोशाची हवी. आत तिच्याशिवाय कुणी नको. हातात हीच टाचणी हवी, आणि बाहेर बायकांनी एक ते एक्केचाळीस मोजायचं, मोठ्याने, न थांबता.

आडोसा घरात तयारच होता. नव्या जोडप्याच्या कोपऱ्यावरचा पांढरा पडदा चिल्ला संपेपर्यंत काढत नाहीत. बीबी त्याच्या आत शिरली. धुरीचं भांडं आत गेलं, हरमळाच्या दाण्यांचा कडवट धूर दारातून अंगणात आला. बायका दाराशी दाटल्या आणि मोजू लागल्या. पडद्यातून डब्याचे हिरवे दिवे मिणमिणताना दिसत होते. वीसच्या पुढे कुठेतरी ते सगळे एकदम विझले. मोजणाऱ्यांचा आवाज कापला, पण थांबायची कुणाची छाती नव्हती. चाळिसाच्या आसपास एक दिवा परत लागला, मग दुसरा. एक म्हातारी रडायलाच लागली.

बीबी घाम पुसत बाहेर आली. हातात चिठ्ठी होती. सबोहत ओपाने चष्मा लावला, तुर्सुनॉयचा नवा मोबाईल घेतला. इतके दिवस त्यात वायफायचं नाव 'बुन्योद' असं दिसायचं. आता बुन्योद नव्हता, त्या जागी कंपनीचं नाव आणि काही आकडे होते. तुर्सुनॉयच्या तोंडचं पाणी पळालं. बीबीने धीर दिला, की जिन्नाने जाताना पोराचं नाव सोडलं, आता त्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही. ओपाने चिठ्ठीवरची अक्षरं एकेक करून, पुटपुटत घातली. आणि वायफाय लागलं.

मग काय विचारता. बीबीचे हात कोणी डोळ्यांना लावले, कोणी ओढणीला. चिठ्ठी बीबीने सगळ्यांसमोर धुरीच्या निखाऱ्यावर टाकली. हे नाव पुन्हा उच्चारायचं नाही, ते आता तिला आणि निघून गेलेल्याला सोडून तिन्ही लोकांत कुणाला ठाऊक नाही, असं ती म्हणाली. पुन्हा कधी लागलंच, तर तिलाच बोलावायचं.

"पण बीबी, तो आला कुठून?" तुर्सुनॉयने विचारलं.

बीबीने दाण्यांकडे पाहिलं, मग भिंतीशी उभ्या सुनेकडे. "चार वर्षं डब्याने काही मागितलं नाही. महिन्यात कोण नवं आलं या घरात?"

सगळ्या बायका सुनेकडे वळल्या, आणि बीबीने निकाल दिला. जिन्न सुनेच्या रुखवताच्या पेटीतून आला होता. तिने चिल्ला पुरा व्हायच्या आत माहेरी जायचं, चाळीस दिवस थांबायचं. पेटी, आतल्या बारा रेशमी रजयांसकट, शुद्ध व्हायला बीबीच्या घरी.

चिल्ल्यातून परत धाडलेली सून म्हणजे काय, हे रिश्तानमध्ये कुणी समजावून सांगत नाही. तिच्या धाकट्या बहिणींना मग स्थळं येत नाहीत. तिला पांढऱ्या पायाची म्हणतात, तोंडावर नाही, ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून. मुनोजातने सासूकडे पाहिलं. तुर्सुनॉय दुष्ट बाई नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते पाणी पुसून ती म्हणाली, पेटी बांधायला घे, पोरी.

मुनोजात आत गेली. पेटीपाशी जायच्या आधी सवयीने तिने डबा उचलला, जागेवर ठेवायला. आणि पुसायला म्हणून उलटा केला.

या घरात वाचायला काही नव्हतं. ती शिक्षिकेचं शिकलेली मुलगी. महिनाभर तिने चहाच्या पुड्यांवरचं वाचलं होतं, शिलाई मशीनच्या पट्टीवरचं वाचलं होतं, औषधांच्या डब्यांवरचं वाचलं होतं. आणि रोज पहाटे धूळ पुसताना या डब्याच्या बुडाशी चिकटवलेली चंदेरी पट्टी वाचली होती. आज तिथे पट्टी नव्हती. तिच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन होता, बोटाला चिकटणारा. शेजारच्या बारीक भोकाच्या कडेला टाचणीचा ताजा ओरखडा.

ती बाहेर आली. मान खालीच होती. आधी तिने सलाम केला, वाकून, सगळ्यांना. मग म्हणाली,

"के, सात, सात, एम, चार, शून्य, टी, नऊ."

सबोहत ओपाच्या हातातला पेला तसाच राहिला. ती अक्षरं तिने आत्ताच एकेक करून घातली होती. "हेच," ती म्हणाली. "हेच होतं चिठ्ठीवर."

तिन्ही लोकांत कुणाला ठाऊक नसलेलं नाव केलिनच्या तोंडी ऐकून बीबी क्षणभर चपापली. पण तिचा धंदा चाळीस वर्षांचा होता. "बघा," ती दोन पावलं मागे सरत म्हणाली. "तिच्या तोंडून तोच बोलतोय."

बायका सरकल्या. मुनोजातच्या भोवती एकदम मोकळी जागा झाली.

"बोल पोरी," सबोहत ओपा म्हणाली. "चिल्ल्यातली सून बोलली म्हणून आभाळ पडत नाही. पडलं तर माझ्या छपरावर पडेल."

"ओपा, तुमच्याकडे याच कंपनीचा डबा आहे ना? मी तुमच्या घरी कधी आले नाही. माझी पेटीही आली नाही. तो एवढा आणाल? तुमच्या डब्याखालीही जिन्न काही लिहून गेला असेल, तर बघू या."

ओपा स्वतः जाऊन डबा घेऊन आली. मुनोजातने त्याला हातही लावला नाही. ओपानेच तो अंगणातल्या बोर्डाला लावला. ओपानेच उलटा केला. बुडाशी चंदेरी पट्टी होती, तिच्यावर वायफायचं नाव आणि आठ अक्षरं-आकडे. बायकांनी आळीपाळीने वाकून वाचली. मग मुनोजातने सांगितलं तसं ओपाने डोक्यातली केसांची पिन काढली, बारीक भोकात घातली आणि दाबून धरली. कुणी मोजत नव्हतं. धूर नव्हता, पडदा नव्हता. दिवे विझले, परत लागले. ओपाचा स्वतःचा मोबाईल, जो इतकी वर्षं मुकाट्याने चालत होता, पासवर्ड मागू लागला. पट्टीवरची अक्षरं घातली. लागला.

एवढंच होतं ते. कारखान्यातून निघताना प्रत्येक डब्याला एक पासवर्ड देतात आणि बुडाशी चिकटवतात. माणसं तो बदलतात आणि विसरतात. भोकात टाचणी धरली की डबा सगळं विसरून कारखान्यातल्यासारखा होतो, आपल्या पहिल्या नावासकट. म्हणून बुन्योदचं नाव गेलं होतं. ज्यांच्या घरी बीबी येऊन गेली होती, त्या बायकांना आता आपापले डबे आठवत होते. कुणाच्याही डब्याखाली पट्टी उरली नव्हती, आणि म्हणूनच बीबीला पुन्हा बोलवावं लागत होतं.

बीबीला एकाएकी दुसऱ्या घरचं बोलावणं आठवलं. ती दाणे गोळा करू लागली. पण चहा-रोट्यांच्या दस्तरखानावरून दुवा मागितल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि दुवेला हात उचलत नाही अशी बाई रिश्तानमध्ये जन्मली नाही. तुर्सुनॉयने हात उचलले. सगळ्यांनी उचलले. बीबीलाही उचलावे लागले. तिच्या रुंद बाह्या कोपरापर्यंत घसरल्या, आणि डाव्या मनगटावर, निळ्या शिरेवर, चंदेरी पट्टी चमकत होती.

कुणी ओरडलं नाही. तुर्सुनॉयने दुवा पुरी केली, हात चेहऱ्यावरून फिरवले. मग पुढे होऊन तिने बीबीच्या हातावरची पट्टी हलकेच सोलून काढली, लहान मुलाच्या जखमेवरची काढावी तशी. "दुखलं का, बीबी?" तिने विचारलं. बीबीने चपला शोधायला बराच वेळ लावला. त्या ढिगात तिच्या सगळ्यात खाली होत्या.

दुपारी बुन्योदचा व्हिडिओ कॉल आला. तुर्सुनॉयने मोबाईल सुनेच्या हातात दिला, आपल्याला गाईला चारा घालायचाय असं म्हणाली, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. तिच्याकडे गाय नव्हती. मुनोजातने नवा पासवर्ड ठेवला तो वहीत लिहिला आणि ती वही उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

तुर्सुनॉय फसली यात तिचा दोष नव्हता. मुलगा दूर असला, त्याचा चेहरा दिसेनासा झाला, की आईचं मन कुठलाही आधार धरतं. दोष याचा, की जे दोन मिनिटांत बघून कळलं असतं ते न बघता एका मुलीचं आयुष्य पेटीत बांधायला काढलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की घरात काही बिघडलं तर आधी ती बिघडलेली वस्तू बघा. ती रोज हाताळतं कोण, त्याला विचारा. एवढं करून नाही कळलं, तर जाणत्याला बोलवा आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर काम करतो का, ते पाहा. जो आडोसा मागतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पंधरवड्याने पलीकडच्या गल्लीत कुणाची तरी गाय आटली. नवी सून घरात आल्यापासून आटली, असं घरचे म्हणत होते, आणि पेटी अर्धी बांधून झाली होती. तुर्सुनॉयला कळलं तशी ती डोक्याला रुमाल बांधून निघाली. मुनोजात ताज्या रोट्यांची टोपली घेऊन मागे मागे चालत होती. त्या घरच्यांनी दोघींना बाजेवर बसवलं, चहा ओतला आणि रडणाऱ्या सुनेला हाक मारली, हिलाच बघा म्हणून.

तुर्सुनॉयने पेला खाली ठेवला.

"तिला राहू दे," ती म्हणाली. "आधी मला गाय दाखवा."