आधीचं कोरं पान

स्टॅंपपेपर आत गेला तसाच कोरा बाहेर आला.

सुप्रियाने तो अलगद उचलला. वर मुद्रा, विक्रेत्याचा शिक्का, 'चांगो आगिवले' हे नाव, आणि खाली नुसती जागा. त्याच्या पाठोपाठ ट्रेमधला साधा कागद आला. जे स्टॅंपपेपरवर उमटायला हवं होतं, ते प्रतिज्ञापत्राचं पहिलं पान त्या कागदावर काळंभोर छापलेलं होतं.

"वाया गेला का गं ताई?" बाकावरून वनिता उठली. कळंबच्या वरच्या अंगाच्या वाडीतून ती आपल्या म्हाताऱ्या बापाला टेंपोत बसवून आली होती.

"नाही. कोराच आहे, परत वापरता येईल." सुप्रियाने घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजत आले होते.

चांगोबाबांचा वनजमिनीचा दावा समितीने पुराव्याअभावी फेटाळला होता. अपिलाला साठ दिवसांची मुदत होती आणि आजचा दिवस साठावा होता. कचेरीची आवक खिडकी पाचला बंद होते. चार दुकानं सोडून बसणारे नोटरी सव्वाचारला उठतात. दावा उभा राहणार होता तो म्हाताऱ्याच्या प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे बालपणापासून आपण तो डोंगरउतारावरचा वरकस तुकडा कसतो आहोत या त्याच्या शब्दावर. स्टॅंपपेपर एकच होता आणि विक्रेते दुपारी पेटी बंद करून खोपोलीला गेले होते.

हा मजकूर सुप्रियाच्या वडिलांनी टाइप करून ठेवला होता. येसाजीनाना कचेरीसमोरच्या या दुकानात तीस वर्षं अर्ज लिहीत होते. अपिलाचा मसुदा पुरा केल्यावर आठव्या दिवशी ते गेले. पुढे महिनाभर शटर खाली होतं. त्या महिन्यात वनिता दोनदा कुलूप बघून परत गेली होती. चार दिवसांपूर्वी सुप्रियाने दुकान उघडलं, तर तिकडे म्हातारा तापाने पडला. कोणी तक्रार केली नव्हती, पण ते सगळे दिवस सुप्रियाच्या डोक्यात होते.

"सुनिताताई, हे कोरं पान कधीपासून येतंय?"

सुनिता नानांकडे नऊ वर्षं टायपिंग करत होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "मी आले तेव्हापासून येतंय. मशीनची खोड आहे म्हणायचे."

"मग नाना स्टॅंपपेपर कसा छापायचे?"

"ते स्वतः छापायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. कोरं पान निम्मं बाहेर आलं, की वरच्या फटीतून स्टॅंपपेपर सरकवायचे. असा!" तिने पोळी तव्यावर टाकावी तसा हात केला. "त्यांचा हात बसला होता. मी एकदा करायला गेले, तर कागदाचं धिरडं झालं."

सुप्रियाने साध्या कागदावर करून पाहिलं. पहिल्यांदा उशीर झाला. दुसऱ्यांदा कागद तिरका गेला आणि खरखरत अडकला. झाकण उघडून तो ओढून काढताना तिच्या बोटांना शाई लागली. स्टॅंपपेपर खालच्या ट्रेमध्ये ठेवायची सोय नव्हती, कारण झिजलेला रोलर जाड कागदाबरोबर खालचाही ओढायचा.

"शेजारच्या दुकानवाल्याला विचारू का?" वनिता म्हणाली.

"तो दुसऱ्याच्या स्टॅंपपेपरला शिवत नाही," सुनिता म्हणाली. "बिघडला तर भांडण कोण निस्तरणार?"

बाकावरून चांगोबाबांनी विचारलं, "काय करतात गं?"

"मशीन रुसलीय, बा."

"मग नानाला हाक मार ना. त्याचं आयकंल."

वनिताने सुप्रियाकडे पाहिलं नाही. "बस तू गप," ती म्हणाली, पण हळू.

सुप्रिया लॅपटॉपकडे वळली. पुण्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बारा वर्षं काढलेली बाई ती. हरवलेलं पुस्तक कपाटाकपाटाने शोधतात, हे तिला माहीत होतं. तिने फाइल शेवटपर्यंत उतरून पाहिली. सहीच्या रकान्याखाली नुसतेच चार-पाच एंटर पडले होते आणि त्यांच्यामुळे तिसरं रिकामं पान तयार झालं होतं. ते खोडून तिने पुन्हा छापलं. शेवटचं कोरं पान गेलं, आधीचं मात्र आलंच.

मग तिने एक नवीनच फाइल उघडली, त्यात एक ओळ लिहिली आणि पाठवली. आधी कोरं पान आलं, मग ओळ. म्हणजे दोष फाइलचा नव्हता.

"तुमच्याकडून एक पाठवा."

सुनिताच्या संगणकावरूनही तसंच झालं. म्हणजे लॅपटॉपचाही दोष नव्हता. प्रिंटरच्या पाठीवरचं बटण दाबून धरल्यावर त्याचं स्वतःचं चाचणीपान निघतं, हे सुनिताला ठाऊक होतं. तिने ते काढून दाखवलं. एकच पान आलं आणि त्याआधी काही नाही.

प्रिंटरही निर्दोष निघाला. राहिला मधला दुवा. दोघींचं छापण्याचं काम ज्याच्यातून जात होतं, तो भिंतीकडेचा नानांचा संगणक. प्रिंटरची वायर त्यालाच जोडलेली होती, म्हणून सुनिता रोज सकाळी तो चालू करायची. त्याच्यासमोर मात्र चार दिवसांत कोणी बसलं नव्हतं.

पावणेचार झाले होते.

सुप्रिया जाऊन बसली. खुर्ची तिच्यासाठी फारच खाली होती. कीबोर्डवरच्या 'क'च्या जागी अक्षर उरलं नव्हतं, नुसता गुळगुळीत खळगा होता. तिने तिकडे पाहायचं टाळलं आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरली. कागदाचा आकार बरोबर होता. दोन्ही बाजूंनी छापण्याचा पर्याय बंद होता. पुढच्या पानावर तळाशी 'सेपरेटर पेज' असं बटण होतं. ते दाबल्यावर एक चौकट उघडली आणि तिच्यात एका फाइलचं नाव दिसलं, 'आडकागद'.

"सुनिताताई, हे नानांनीच लावलंय. मशीनची खोड नाहीये ही."

सुनिता उठून मागे येऊन उभी राहिली. नाव वाचून तिने तोंडावर हात धरला. "अगं बाई! हे त्या घोटाळ्यानंतरचं असणार. मी यायच्या आधीचा. रसायनीच्या कुणाचं पान आपल्या इकडच्या एकाच्या अर्जात गेलं होतं. दोघांचे अर्ज परत आले. नाना सांगायचे की तो माणूस दारात उभा राहून नुसता बघत होता. म्हणून दर पार्टीच्या आधी एक आडवा कागद. त्यावर ते पेन्सिलीने पार्टीचं नाव लिहायचे. आणि मला म्हणायचे खोड!"

सुप्रियाने माउस चौकटीवर नेला. फाइलचं नाव खोडायला एक सेकंद पुरला असता, पण तिचा हात तिथेच राहिला. हे काढलं, की त्यांनी कोणाच्या तरी मुकाट बघण्यापायी घातलेलं कुंपण जाणार होतं. आणि नाही काढलं, तर आज याच दारात तसाच एक माणूस उभा राहणार होता.

"ताई," वनिता म्हणाली, "नोटरीसायब आज लवकरच शटरला हात घालतायत."

सुप्रियाने नाव खोडलं आणि 'ओके' दाबलं.

चाचणीला एक साधा कागद पाठवला. पहिलंच पान छापलेलं आलं. वनिता जवळजवळ ओरडलीच. सुप्रियाने स्टॅंपपेपर उचलून वरच्या फटीत टेकवला, लॅपटॉपपाशी आली, आणि बटणावर बोट ठेवता ठेवता थबकली. आता मध्ये काही आडवं उरलं नव्हतं. या क्षणी कोणाचंही काम आलं असतं, तर पहिला कागद म्हणून त्याने हाच घेतला असता.

"सुनिताताई! तुम्ही काही पाठवलंय?"

"मघाशी एक जाहीरनामा..." सुनिताचा चेहरा उतरला. "कागद अडकला तेव्हा मी थांबवून ठेवला होता, आत्ता पान नीट आलं तसा सोडला. स्टॅंपपेपरचं विसरले गं!"

प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकला. आत चाकं फिरायला लागली.

सुप्रियाने दोन ढांगांत जाऊन स्टॅंपपेपर उपसला. रोलरने त्याची कड पकडली होती. तो सुटला, पण कोपऱ्यावर नखाएवढी घडी पडली. पुढच्याच क्षणी ट्रेमधला कागद आत गेला आणि कुणा सोसायटीच्या सभेचा जाहीरनामा बाहेर पडला. तिघींपैकी कोणी तो उचलला नाही.

"मी हात वर करून बसते," सुनिता म्हणाली आणि खरंच हात वर करून बसली.

सुप्रियाने नानांच्या संगणकावर रांग उघडून पाहिली. ती रिकामी होती. तिने पुन्हा पाहिलं. मग घडी अंगठ्याने दाबून सरळ केली, स्टॅंपपेपर लावला आणि बटण दाबलं.

पहिली ओळ उमटून बाहेर आली. 'मी, चांगो धोंडी आगिवले, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...' मुद्रेच्या खाली, बरोबर जागेवर.

वनिता पळत पुढे गेली आणि अर्ध्यावर उतरलेल्या शटरखाली चक्क जाऊन उभी राहिली. नोटरी कुरकुरले, पण म्हाताऱ्याला येताना पाहून त्यांनी पुन्हा टेबल उघडलं. मजकूर त्याला वाचून दाखवायला लागतो. सुप्रियाने वाचला. नानांची वाक्यं आखूड असत, एका दमात एक. चांगोबाबा कानामागे हात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आसंच हाय." त्यांनी अंगठा उठवला.

कचेरीच्या खिडकीत पोचले तेव्हा पाचला नऊ मिनिटं कमी होती. आतल्या बाईंनी पानं मोजली, मुडपलेला कोपरा पाहिला, सुप्रियाकडे पाहिलं.

"हे कशानं?"

"मशीनमध्ये अडकला होता. मजकुराला काही झालेलं नाही."

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. वनिताने खिडकीचा गज घट्ट पकडला होता. मग आत शिक्का दोनदा आपटला, एकदा अर्जावर आणि एकदा पोचप्रतीवर. आवक क्रमांक लिहून प्रत बाहेर सरकवली गेली.

वनिताने तारखेवर बोट ठेवलं. "आजचीच हाय ना, ताई?"

"आजचीच."

"जमीन मिळंल?"

"ते अजून ठरायचंय. पण उशीर झाला म्हणून आता कोणी परत पाठवणार नाही."

वनिताने मान हलवली. प्रत पिशवीत न घालता तिने बापाच्या हातात दिली. त्याने ती उलटी धरली. तिने सुलटी करून दिली, आणि दोघं जिना उतरायला लागली. म्हाताऱ्याचा एक हात कठड्यावर होता आणि दुसऱ्या हाताने त्याने कागद छातीशी धरला होता.